माणसं सतरा, वाटे अठरा

सायबण्णांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या पाठीशी झाली. तोंड दिसलं ते नंतर.

बदली होऊन मांजरेकाठच्या त्या गावात मी नवीनच आले होते. सकाळी बंधाऱ्यावरून शाळेत जाताना खाली वाळूत माणसांचं कोंडाळं दिसलं. मध्ये पोत्यांवर माशांचे ढीग मांडलेले, एका रांगेत, आणि सगळ्यांकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. एकजण काठी घेऊन एकेका ढिगाला टेकवत होता आणि विचारत होता, "ह्यो कुणाचा?" म्हातारे मागे न बघता सांगत, "नरसप्पाचा." काठी पुढे. "ह्यो कुणाचा?" "लालूचा." ज्याचं नाव निघेल तो आपला ढीग टोपलीत भरून मुकाट्याने चालू लागे. मला वाटलं, बिचारे आंधळे असतील. शाळेत गेल्यावर तसं बोलूनही दाखवलं, आणि आमचे मुख्याध्यापक हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले.

सायबण्णा आंधळे नव्हते. घार नदीवर उतरली तर ती कुठल्या माशावर डोळा ठेवून आहे हे सांगणारे त्यांचे डोळे होते. ते त्या भोयांच्या मेळाचे वाटेकरी होते. म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढलेल्या जाळ्यात जे येईल त्याचे सारखे वाटे घालायचे आणि पाठ फिरवून नावं घ्यायची, हे त्यांचं काम. पाठ कशासाठी, असं मी पुढे एकदा विचारलं. ते म्हणाले, "तोंड दिसलं की हात हलतोय बाई. भावाचं तोंड दिसलं की एक मासा जास्ती, दुस्मनाचं दिसलं की एक कमी. मी काय देव न्हाई. म्हनून पाठ." स्वतःचं नाव ते कधी घेत नसत. सगळ्यांचं झाल्यावर जो ढीग उरेल तो त्यांचा.

त्या गावाची गंमत अशी की शाळा मराठी, कचेरी कानडी आणि भांडण दख्खनीत. नदीच्या अल्याड कर्नाटक, पल्याड महाराष्ट्र. बंधाऱ्याच्या मधोमध उभं राहिलं की मोबाइलवर दोन्ही राज्यांचे स्वागताचे संदेश आळीपाळीने येत राहतात. सायबण्णांना तिन्ही भाषा सारख्याच येत, पण त्यांचा एक खोडसाळपणा होता. कानडी साहेब आला की ते मराठीत बोलत आणि पलीकडचा मराठी साहेब आला की कानडीत. साहेबाला दुभाषा लागला की तेवढा वेळ त्यांना विचार करायला मिळे. दख्खनी मात्र फक्त रागासाठी राखून ठेवलेली. "नक्को" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की मेळातली माणसं जागची उठून जात.

तराजूशी त्यांचं वाकडं होतं. हुलसूरच्या बाजारातला एक व्यापारी एकदा बॅटरीवरचा नवा काटा घेऊन आला आणि म्हणाला, आता वजनावर वाटे घाला, कशाला अंदाजपंचे. सायबण्णांनी त्याला हौसेने वाटे मोजू दिले. एकाही ढिगाचं वजन दुसऱ्याशी जुळेना. व्यापारी मिशीत हसला. सायबण्णांनी सगळ्यात हलका ढीग त्याच्यापुढे सरकवला. त्यात एक चांगली मरळ होती, जिच्यात काटे नावाला. सगळ्यात जड ढिगात नुसती चिलापी आणि काटेरी बारीक मासळी. "तुज्या काट्याला काटं कळत्यात व्हय?" ते म्हणाले. व्यापारी काटा उचलून गेला. पुढे कित्येक दिवस लोक त्याला बाजारात हेच विचारत होते.

आणखी एक सवय. सकाळी हरगोल पाण्यात लोटण्याआधी ते ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चूळ भरत आणि क्षणभर थांबत. हरगोल म्हणजे बांबूच्या कामट्यांची गोल टोपलीसारखी नाव, खालून ताडपत्री आणि डांबर लावलेली. वरच्या अंगाला कुठे पाऊस झालाय, कुणी कारखान्याचं पाणी सोडलंय, बंधाऱ्याची कुठली दारं उघडली आहेत, हे ते चुळीवरून सांगत. मला आधी ही बढाई वाटे. पण मी कित्येकदा टिपून ठेवलं आणि दरवेळी माझीच फजिती झाली.

त्या चुळीनेच त्यांचा घात केला. पाऊसकाळ सरून बंधाऱ्याची दारं नुकतीच टाकली होती. पाणी तुडुंब आणि स्थिर. एका रात्री वरच्या पुलावरून एक टँकर कठडा तोडून खाली गेला. कुठल्यातरी कारखान्याच्या भट्टीसाठी चाललेलं काळं, जाड तेल त्यात होतं. ड्रायव्हर वाचला, नदी नाही. पहाटे धुकं होतं, पाण्यावरची साय कुणाला दिसली नाही. सायबण्णांनी नेहमीसारखी ओंजळ तोंडात घेतली आणि ओकत ओकत काठावर आले. ओठ सुजले, जीभ सोलवटली. दवाखान्यात त्यांना जांभळं औषध लावलं आणि पंधरवडाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

दारं बंद असल्यामुळे तेल वाहून गेलं नाही, तिथेच फिरत राहिलं. चार दिवसांत मासे पोट वर करून काठाला लागले. बगळे काळे झाले. जाळी अशी माखली की धुवायला जावं तर साबणच काळा होई. म्हशी पाण्याकडे बघून माघारी फिरत. कचेरीतून मासेमारीला बंदी आली आणि पाठोपाठ बातमी आली की टँकरवाल्याच्या विमा कंपनीकडून मच्छीमारांना नुकसानभरपाई मिळणार, पाहणी होणार.

पाहणी म्हटली की शिक्षक. डोकी मोजायला आम्ही, मतं मोजायला आम्ही, पोलिओचे थेंब टाकायला आम्ही, संडास आहे का बघायलाही आम्ही. आता मासे मेले तर त्यांच्या सुतकालाही आम्हीच. मी चिडचिड करतच तो कागद घेतला. कागद कानडीत होता. त्यात एक रकाना होता, 'मासेमारीत प्रत्यक्ष गुंतलेल्या व्यक्तींची संख्या'. मी दोन दिवस घरोघर फिरले. प्रत्येकाचं नाव, वय, आधार क्रमांक, बँकेचं पुस्तक. माझं काम चोख असतं असा माझा लौकिक आहे आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. सतरा माणसं भरली. मी सतरा लिहिले.

मेळाचे प्रमुख म्हणून सायबण्णांचा अंगठा हवा होता. ते अंगणात बाजेवर बसले होते, ओठ जांभळे, बोलण्याची सोय नाही. मी त्यांना यादी वाचून दाखवली. सतरावं नाव त्यांचंच होतं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि एक बोट वर केलं. मला वाटलं पाणी हवंय. मी आत जाऊन तांब्या आणला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा एक बोट वर केलं. मी म्हटलं, "हो अण्णा, एकच अंगठा लागतो." मग त्यांनी बोट खाली घेतलं आणि अंगठा दिला. बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, असं त्यांना वाटलं असणार. आजही तो तांब्या आठवला की मला कानकोंडं होतं.

महिन्याभराने पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. सतरा नावं. खाली लिहिलेलं, कंपनीने या गावासाठी ठरवलेली ठोक रक्कम यादीतल्यांना समान वाटून मिळेल, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. गावात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात हजेरी घेत होते आणि सायबण्णा दाराशी येऊन उभे राहिले. ओठ आता बरे झाले होते. हजेरी संपेपर्यंत ते तिथेच थांबले. मी बाहेर आले.

"बाई, आत्ता तुमी ती पोरगी आली न्हाई तिचं बी नाव घेतलात."

"घ्यावंच लागतं अण्णा. पटावर आहे ना ती."

"कामून? आली न्हाई तर काटून टाकावं की."

"असं कसं काटू? आज नाही आली म्हणून काय झालं, शाळेतलीच आहे ती."

"मग माज्या पटावरचं एक नाव तुमी काटलात," ते म्हणाले. "माणसं सतराच हायत. त्ये बरोबर. पर वाटे अठरा घालतो मी. तुमी माणसं मोजलात बाई, वाटे न्हाई मोजलात."

आवाजात राग नव्हता. दख्खनी तर नव्हतीच. त्यामुळे मला जास्त लागलं.

अठरावा वाटा तुळजाक्काचा होता. ती पल्याड राहायची, अगदी काठावर, महाराष्ट्रात. तिचा नवरा बसप्पा या मेळातला जाळं ओढणारा. पाच-सहा वर्षांपूर्वी बंधाऱ्याच्या दारात जाळं अडकलं, ते सोडवायला तो बुडी मारून गेला आणि वर आला नाही. जाळं ओढताना जो गेला त्याचं घर जोवर काठावर आहे तोवर त्याचा वाटा बंद होत नाही, अशी या मेळाची रीत. रोज सकाळी काठी टेकायची, "ह्यो कुणाचा?" आणि सायबण्णा म्हणायचे, "बसप्पाचा." मग कुणीतरी तो ढीग हरगोलीत घालून पल्याड पोचवायचं. तुळजाक्का तो डोक्यावर घेऊन तिकडच्या तीन-चार गावांत विकायची. त्यावर तिचं आणि सासूचं चालायचं. हे गावातल्या प्रत्येकाला इतकं माहीत होतं की मला सांगावं असं कुणालाच वाटलं नाही.

"मासळी बंद झाल्यापासून तिच्याकडं काय न्हाई," सायबण्णा म्हणाले. "हैद्राबादच्या अंगाला वीटभट्टीवर जायलीय म्हन. मुकादम येऊन गेलाय. एकदा घराला कुलूप लागलं की वाटा संपला. त्यो पुना कसा घालू मी?"

मी म्हटलं, मी चुकले, पण यावर उपाय आहे. सतराजणांनी आपापल्यातून थोडं थोडं काढलं तर तिचा हिस्सा सहज निघेल. मीही घालते काही. 

"नक्को," ते म्हणाले. माझ्याशी बोलताना पहिल्यांदा आणि शेवटचं. "खैरात नक्को बाई. सतराजणांनी दिलं तर तिनं सतरा दारात हात जोडायचं. वाट्याला हात जोडत न्हाईत, वाटा उचलून नेत्यात. तिचं नाव कागदावर पायजे." जायला निघाले, आणि पाठ वळल्यावर म्हणाले, "जाळं सोडवाया त्याला मीच धाडलतो."

मी हरकतीचा अर्ज लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं की चूक पाहणी करणाऱ्या शिक्षिकेची आहे, म्हणजे माझी. मुख्याध्यापक हवालदिल झाले. "अहो, चूक झाली हे कशाला लिहिता? 'राहून गेले' असं लिहा. कुणाकडून राहिलं ते त्यांना काय करायचंय?" मी नाही ऐकलं. ही माझी बहादुरी नव्हती. सायबण्णा समोर बाकावर बसून प्रत्येक ओळ माझ्याकडून वाचून घेत होते आणि 'राहून गेले' या शब्दांवर त्यांनी विचारलं असतं, कुणाकडून?

गावात मात्र कुरबूर सुरू झाली. रक्कम ठोक होती. अठरावं नाव आलं की सतराजणांचं थोडं थोडं कमी होणार, हा हिशेब कळायला कुणाला माझी गरज नव्हती. सगळ्यात मोठा आवाज हणमंतूचा. हा सायबण्णांच्याच भावकीतला, जाळं फेकण्यात पटाईत आणि जिभेने फटकळ. दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. पारावर तो मोठ्याने म्हणाला, "मेल्याला वाटा, पल्याडल्याला वाटा. उद्या सुसरीला बी वाटा द्या. ती बी पाण्यातच ऱ्हाती." लोक हसले. सायबण्णा तिथेच होते. ते म्हणाले, "सुसर जाळं ओढाया आली तर तिला बी देऊ." पण घरी जाताना ते मला थकलेले वाटले.

चौकशीला कंपनीचा सर्वेअर आला. हैदराबादचा, पन्नाशीचा, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर पाय टाकत चालणारा. अदबशीर माणूस होता. त्याने माझा अर्ज वाचला आणि सायबण्णांना विचारलं, "ये बेवा का हिस्सा देते बोल के कुछ कागज है क्या?"

सायबण्णा सवयीप्रमाणे भलत्याच भाषेत, म्हणजे कानडीत म्हणाले, कागद नाही. मी ते हिंदीत सांगितलं. सर्वेअर म्हणाला, कागद नसेल तर मी काय लिहू? रोज वाटे कसे घालतात ते तरी दाखवा. पण दाखवायला मासे कुठे होते? वाळूवर अजून काळे डाग होते आणि नुसता वास.

मग तो सर्वेअर जे बोलला त्याबद्दल मी त्याला अजून मानते. तो म्हणाला, मी एकेकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतो. सगळ्यांचं उत्तर एक आलं तर मी तेच माझ्या अहवालात लिहीन. आणि एकाचं जरी वेगळं आलं तरी बाईंनी लिहिलेले सतरा राहतील. तो बाभळीखाली दगडावर बसला, मला शेजारी लिहायला बसवलं आणि बाकीच्यांना वाळूत लांब थांबवलं.

मला त्या क्षणी वाटलं, संपलं. सतरातला एकजण पुरे होता, आणि तो एक कोण हे सगळ्या गावाला माहीत होतं.

नरसप्पा आला. "कित्ते हिस्से डालते तुम लोगां?" "अठरा." लालू आला. "अठरा." एकेक येत होता, मी लिहीत होते. एकाने तर न विचारता नावं सांगायला सुरुवात केली आणि बसप्पाचं नाव घेताना टोपी काढली. सायबण्णा स्वतः आले तेव्हा अठरा म्हणून गेले आणि परत जाऊन नदीकडे तोंड करून उभे राहिले. बहुतेक सवयीनेच. मला त्यांची पाठ दिसत होती आणि त्या पाठीकडे बघवत नव्हतं.

हणमंतू शेवटी आला. हात मागे बांधून उभा राहिला. सर्वेअरने विचारलं, "कित्ते हिस्से?"

तो खाली वाळूकडे बघत राहिला, मग पल्याडच्या काठाकडे. सर्वेअरने पुन्हा विचारलं.

"अठरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "लिवा बाई. मला पटत न्हाई, पर हायत अठरा."

सर्वेअरला मी ते शब्दशः सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हौ. अब लिख लेता मैं." पल्याडचं घर दुसऱ्या राज्यात आहे, ते चालेल का, असं मी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, बाई, तेल काय हद्द बघून थांबलं होतं?

मी धावत जाऊन सायबण्णांना सांगितलं. हणमंतू काय म्हणाला तेही सांगितलं. ते वळले नाहीत. टॉवेल सोडून त्यांनी तोंडावर धरला आणि खांदे हलायला लागले. मीही रडले. लपवायचं काय त्यात? दोघांचं बोलणं त्यानंतरही सुरू झालं नाही, पण हणमंतूची हरगोल गळू लागली तेव्हा डांबर सायबण्णांच्या घरून गेलं, एवढं मी पाहिलं.

पैसे यायला पुढे आणखी दोन-तीन महिने गेले. तुळजाक्काचं खातं पल्याडच्या बँकेत, नावात एक काना कमी, असल्या भानगडी निस्तरत मी आणि सायबण्णा चार वेळा तालुक्याला गेलो. रक्कम फार मोठी नव्हती. नासलेली जाळी आणि वाया गेलेला हंगाम यांच्यापुढे तर किरकोळच. पण ती अठराजणांना सारखी मिळाली आणि मुकादम पल्याडहून हात हलवत परत गेला. बंधाऱ्याची दारं उघडून पाणी दोनदा खाली सोडलं गेलं, वरून नवं आलं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर जाळ्यात पुन्हा मासे लागू लागले. सायबण्णा चूळ मात्र भरत नसत. जिभेची चव गेली होती ती परत आली नाही. ते म्हणत, "आता मी बी तुमच्यासारकाच. नळाचं पानी आन् नदीचं पानी एकच."

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण तुळजाक्काने ती संपू दिली नाही.

आलेल्या पैशांतून तिने स्वतःसाठी एक हरगोल करवून घेतली. नवी कोरी, तिच्या बेताची. एका सकाळी ती त्यात बसून, कामटीचं वल्हं मारत, गोल गोल फिरत, पडत झडत आमच्या काठाला आली. वाटे घालायचं काम चाललं होतं. सगळे बघत राहिले. त्या नदीवर बाई हरगोलीत बसत असे ती उतारू म्हणून. वल्हं तिच्या हातात नसे, जाळं तर नाहीच.

"अण्णा, उद्यापासून मी जाळं वढाया येते," ती म्हणाली.

सायबण्णा म्हणाले, "तुला वाटा कमी पडायलाय का?"

"कमी न्हाई पडला. एक दीस बी न्हाई. पर त्यो त्यांचा व्हता अण्णा. तुमी रोज त्यांचं नाव घेता, मी टोपली भरते. आता मला माजा पायजे."

सायबण्णा सरळ घरी गेले. दोन दिवस नदीवर आलेच नाहीत. गावात हसणं झालं, हणमंतूने सुसरीची आठवण काढली. मला सायबण्णांचा राग आला. ज्या माणसाने कागदावरच्या एका ओळीसाठी आकाशपाताळ एक केलं, त्याला ती ओळ स्वतःच्या पायांवर चालत आलेली चालू नये? मी तसं बोलायला त्यांच्या घरी गेलेही. ते बाजेवर बसून सुतळी वळत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, एकाला मी पाण्यात धाडलो. आता त्याच घरातल्या दुसऱ्याला धाडू?" मी चहा घेऊन परत आले.

त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला, औरादच्या बाजूला. सामान आधीच गेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळच्या बससाठी मी बंधाऱ्यावरून चालले होते. पाण्यावर हलकं ऊन आलं होतं. माणसं अजून काठावर आली नव्हती. तुळजाक्का नदीत उतरण्याच्या तयारीत होती आणि सायबण्णा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी तिच्या हरगोलीची कड धरून होते.

"मधी बस अक्का. कडेला रेलू नको. दाराच्या अंगाला जाऊ नको. जाळं अडकलं तर सोडून दे, जाळं गेलं तर जाऊ दे."

"व्हय अण्णा."

"पाय आखड."

"आखडले."

"वल्हं असं धर. असं."

"धरलंय अण्णा. सोडा आता."

त्यांनी लगेच सोडलं नाही. माझी बस पलीकडच्या फाट्यावर हॉर्न देत होती आणि मला जायला हवं होतं, तरी मी कठड्याला धरून थांबले. ती वल्हं धरून बसून राहिली. पाणी त्यांच्या कमरेभोवती हलत होतं. मग त्यांनी आधी एक हात काढला, थोड्या वेळाने दुसरा.